कंसात वारलेली बाई

व्हर्जिनिया वुल्फ शिकवायला घेतली की पहिल्याच तासाला हात वर होतो. "मॅडम, तिने खिशात दगड भरून जीव दिला ना?" हो, दिला. २८ मार्च १९४१, ससेक्समधली ऊझ नदी, वय ५९. कादंबरीचं एक पानही उघडलेलं नसतं, पण लेखिकेचा शेवट तोंडपाठ असतो. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. २००२ सालचा एक गाजलेला चित्रपट त्या नदीपासूनच सुरू होतो. लेखक-परिचयाचे परिच्छेद तिथेच जाऊन थांबतात. आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मीसुद्धा वुल्फवरचं पहिलं व्याख्यान तिथूनच सुरू करत असे. वर्ग चटकन गप्प होतो. शिकवणाऱ्याला तेवढं पुरतं.

त्याच वर्गात टी. एस. एलियटही असतो. १९२१ च्या अखेरीस हा माणूस मनाने इतका खचला होता की लॉइड्स बँकेतून रजा काढून आधी मार्गेटला आणि मग स्वित्झर्लंडमधल्या लोझानला डॉक्टर व्हिटोझ यांच्याकडे उपचारांसाठी गेला. 'द वेस्ट लँड'चा बराच भाग या काळातला. हे कुणी लपवलेलं नाही, पण ते तळटीपेत राहतं. कविता शिकवताना आपण दान्ते सांगतो, टायरेसिअस सांगतो, उपनिषदातला मेघगर्जनेचा 'द' सांगतो. कवीचं आजारपण म्हणजेच कवितेचा अर्थ, असं एलियटच्या बाबतीत कुणी म्हणत नाही. वुल्फच्या बाबतीत ते न म्हणताच गृहीत धरलेलं असतं. आणि १९२३ साली 'द वेस्ट लँड' इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पुस्तकरूपाने आलं ते वुल्फ दांपत्याच्या हॉगर्थ प्रेसकडून. त्या पुस्तकाचे छपाईचे खिळे जुळवले होते खुद्द वुल्फने. दोघांच्या आजारपणाला आपण लावतो ते माप मात्र वेगवेगळं.

समीक्षेच्या कुठल्याही पंथाशी माझं भांडण नाही. चरित्र, मनोविश्लेषण, स्त्रीवाद, वर्ग, साम्राज्य यांपैकी कुठल्याही दाराने वुल्फकडे जावं. फक्त ते दार तिच्या एखाद्या वाक्यात उघडलेलं असावं. बाई कशी होती ते आधी ठरवायचं आणि मग कादंबरीतून पुरावे वेचायचे, या क्रमाला माझा विरोध आहे. विद्यापीठांतून हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो क्रम आहे हेच लक्षात येत नाही.

'टु द लाइटहाऊस' घ्या. १९२७ ची कादंबरी, तीन भागांची. पहिल्या भागात स्काय बेटावरच्या घरातली एक दुपार आणि संध्याकाळ आहे, तिसऱ्यात दहा वर्षांनंतरची एक सकाळ. दोन्हींना जोडणारा 'टाइम पासेस' हा छोटा भाग मध्ये आहे. वुल्फने आपल्या टिपणवहीत कादंबरीचा आराखडा दोन ठोकळे आणि त्यांना सांधणारा एक बोळ असा काढला होता. त्या बोळात दहा वर्षं सरतात, महायुद्ध होऊन जातं, रिकाम्या घराला ओल चढते. आणि मधूनच चौकोनी कंसात, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या बातमीसारखी, माणसं मरतात. पहिला सबंध भाग जिच्याभोवती फिरला त्या मिसेस रॅम्झेंचा मृत्यू असा येतो:

[मिस्टर रॅम्झेंनी एका अंधाऱ्या पहाटे बोळातून धडपडत जाताना हात पुढे केले, पण, मिसेस रॅम्झे आदल्या रात्री तशा अचानकच वारल्या असल्यामुळे, त्यांनी हात पुढे केले. ते रिकामेच राहिले.]

एका वर्षी वर्गात एक मुलगा हे वाक्य मोठ्याने वाचत होता. शेजारची मुलगी म्हणाली, "माझ्या पुस्तकात असं नाहीये." तिची प्रत दुसऱ्या प्रकाशनाची होती. तिच्या प्रतीतलं वाक्य मराठीत आणलं तर साधारण असं होईल:

[एका अंधाऱ्या पहाटे बोळातून धडपडत जाताना मिस्टर रॅम्झेंनी हात पुढे केले, पण मिसेस रॅम्झे आदल्या रात्री तशा अचानकच वारल्या असल्यामुळे त्यांचे पुढे केलेले हात रिकामेच राहिले.]

दोन्ही वाक्यं वुल्फचीच. पहिलं इंग्लंडच्या पहिल्या आवृत्तीतलं, दुसरं अमेरिकेच्या. दोन्ही आवृत्त्या ५ मे १९२७ या एकाच दिवशी निघाल्या. लेखिकेने मुद्रितांचे दोन संच तपासले, पण दोन्हींवर सारख्या दुरुस्त्या केल्या नाहीत. अमेरिकन वाक्य व्याकरणशुद्ध आहे. इंग्लंडमधलं वाक्य मिस्टर रॅम्झेंसारखंच धडपडतं: 'पण' म्हणून काहीतरी सांगायला निघतं आणि पुन्हा हात पुढे करण्यापाशीच येऊन उभं राहतं. मग पूर्णविराम, आणि एक छोटं रिकामं वाक्य. मला विचाराल तर मी धडपडणाऱ्या वाक्याच्या बाजूची. पण अमेरिकन पाठ चुकीचा आहे असं मी म्हणू शकत नाही, आणि अंतिम पाठ कोणता हा वाद संपादकांनाही मिटवता आलेला नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही वाक्यांत सारखी आहे. मिसेस रॅम्झेंच्या मरणाला स्वतःचं क्रियापद मिळालेलं नाही. इंग्रजीत ते एका कृदंतात उरकलेलं आहे, मराठीत मला 'असल्यामुळे'चा आधार घ्यावा लागला. वाक्याचा कर्ता नवरा आहे. ज्या बाईने आयुष्यभर घरादाराला धरून ठेवलं तिचं जाणं नवऱ्याच्या हातांच्या गोष्टीत एक कारण म्हणून येतं. स्त्रीवादी समीक्षेने या कादंबरीबद्दल जे जे म्हटलं त्याचं बीज या व्याकरणात आहे. ते दाखवायला लेखिकेच्या बालपणात शिरावं लागत नाही.

मराठी वाचकाला पाठभेद नवे नाहीत. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, तेव्हापासून एकेका ओवीवर आपण वाद घालत आलो आहोत. पण विसाव्या शतकात, लेखिकेच्या हयातीत, तिच्या डोळ्यांखालून छापून गेलेल्या पुस्तकालाही पाठभेद असतील हे मनातच येत नाही. म्हणून पाठचिकित्सा करणाऱ्याला आपण कारकून समजतो आणि 'दृष्टिकोन' मांडणाऱ्याला विचारवंत. वुल्फच्या अभ्यासात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते या कारकुनांचं काम. अ‍ॅन ऑलिव्हिए बेल यांनी १९७७ ते १९८४ या काळात दैनंदिनीचे पाच खंड तळटीपांसह सिद्ध केले, सूझन डिक यांनी १९८२ मध्ये 'टु द लाइटहाऊस'चा हस्तलिखित खर्डा खाडाखोडीसकट छापला. असल्या कामावर चित्रपट निघत नाहीत.

आणि ही कारागिरी फक्त शब्दांची हौस भागवते असंही नाही. 'मिसेस डॅलोवे' या कादंबरीच्या शेवटाकडे मेजवानी चालू असताना क्लॅरिसाला एका अनोळखी तरुणाच्या आत्महत्येची बातमी कळते. ती बाजूच्या खोलीत जाऊन खिडकीशी उभी राहते. त्याने ते केलं याचं तिला बरं वाटतं. अमेरिकेच्या पहिल्या आवृत्तीत इथे आणखी एक वाक्य आहे: त्याने तिला सौंदर्य जाणवून दिलं, मौज जाणवून दिली. इंग्लंडच्या पहिल्या आवृत्तीत ते नाही. एका आवृत्तीत परक्याच्या मरणातून या बाईला जगण्याची मौज मिळते, दुसरीत त्याबद्दल मौन आहे. लेखिकेच्या आत्महत्येच्या उजेडात ही कादंबरी वाचणाऱ्यांनी निदान या वाक्याचा निकाल आधी लावायला नको का?

'थ्री गिनीज'ची (१९३८) कथा याहून बोलकी आहे. युद्ध कसं टाळावं या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिलेल्या या पुस्तकात वुल्फने पाच छायाचित्रं छापली होती: सेनानी, ललकारी देणारे भालदार, विद्यापीठाची मिरवणूक, न्यायाधीश आणि आर्चबिशप. सगळे पुरुष, सगळे झूल पांघरलेले. स्पेनमधल्या यादवीत मेलेल्यांच्या छायाचित्रांबद्दल ती वारंवार बोलते, पण ती छापत नाही. वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रेतांऐवजी झगे येतात. सगळा युक्तिवाद त्या अदलाबदलीत आहे. पुढच्या कित्येक आवृत्त्यांनी ही छायाचित्रं वगळली आणि अर्धं पुस्तक वाचकांच्या हाती दिलं. मग ते कर्कश, एकसुरी असल्याची तक्रारही झाली. झगे काढून घेतल्यावर दुसरं काय ऐकू येणार? (समीक्षक क्यू. डी. लीव्हिस यांनी 'स्क्रूटिनी' या नियतकालिकात पुस्तक सोलून काढलं तेव्हा छायाचित्रं जागेवर होती, तेव्हा सगळा दोष प्रकाशकांवर टाकता येत नाही.)

आता चरित्राबद्दल. चरित्राला मी अस्पृश्य मानत नाही, कारण खुद्द वुल्फने ते दार उघडं ठेवलंय. आई ज्यूलिया १८९५ मध्ये गेली तेव्हा व्हर्जिनिया तेरा वर्षांची होती. पुढे आठवणी लिहिताना तिने म्हटलंय की ही कादंबरी लिहून झाल्यावर आईने मनाला घातलेला वेढा सुटला, मनोविश्लेषक रुग्णांसाठी जे करतात ते आपण स्वतःसाठी केलं असावं. ज्यूलिया गेली तो दिवस ५ मे, कादंबरी बाहेर आली तो दिवसही ५ मे. माझ्यातली चरित्रवेडी वाचक इथे टुणकन उडी मारते. पण त्याच १९२७ साली चित्रकार-समीक्षक मित्र रॉजर फ्रायला लिहिलेल्या पत्रात वुल्फ म्हणते की दीपगृहातून मला काहीच सुचवायचं नव्हतं, पुस्तकाचा डोलारा सावरायला मधोमध एक रेघ लागते म्हणून ते आलं. आईची आठवण ही कादंबरी होण्यासाठी तिला एक रेघ आणि एक बोळ लागला. चरित्र आपल्याला आठवणीपर्यंत आणून सोडतं. बोळाबद्दल त्याला काही सांगता येत नाही.

रोगनिदान करणाऱ्या समीक्षेची अडचण याहून मोठी आहे. भाच्याने, क्वेंटिन बेलने, १९७२ मध्ये चरित्र लिहिलं. पाठोपाठ पत्रं आली, दैनंदिनी आली, आणि मग निदानांची रांग लागली. उन्माद-अवसाद, आईचा विरह, सावत्र भावांकडून लहानपणी झालेला लैंगिक छळ. हा शेवटचा मुद्दा लुईझ डिसाल्व्हो यांनी १९८९ च्या पुस्तकात लावून धरला. छळ काल्पनिक नव्हता, वुल्फने स्वतः त्याबद्दल लिहिलं आहे. ज्या काळात असल्या गोष्टी सभ्यतेच्या नावाखाली दाबल्या जात, त्या काळात डिसाल्व्हो यांनी ते मोठ्याने म्हटलं याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्यांच्या पावलावर पाऊल ठेवणाऱ्या कित्येकांनी कादंबऱ्यांचे जबानीचे कागद करून टाकले.

या वाचनाला उत्तर कादंबरीतच आहे. 'मिसेस डॅलोवे'तले सर विल्यम ब्रॅडशॉ हे हार्ली स्ट्रीटचे नामांकित मनोवैद्य. प्रत्येक रोग्याला पाऊण तास देतात. ज्याच्या आत्महत्येची बातमी पुढे क्लॅरिसाला कळते तो, युद्धातून परतलेला सेप्टिमस खोलीत येतो आणि दोन-तीन मिनिटांत त्यांचं निदान पक्कं होतं. माणूस काय म्हणतोय ते ऐकण्याआधीच तो कशाचं उदाहरण आहे ते ब्रॅडशॉंना कळलेलं असतं. ते 'प्रमाण' नावाच्या देवीचे उपासक आहेत आणि त्या देवीवर वुल्फने घातलेले घाव इतके निर्दय आहेत की ते वाचून पुढच्या तासाला लेखिकेचं निदान करायला बसणाऱ्याचा मला अचंबा वाटतो. ती पानं त्याला स्वतःबद्दलची वाटत कशी नाहीत?

यावर एक आक्षेप येणारच. 'वाक्य, वाक्य' करणाऱ्यांनीच वुल्फला अनेक वर्षं नाजूक संज्ञाप्रवाहवाली, राजकारणाशी देणंघेणं नसलेली बाई बनवून ठेवलं होतं. आक्षेप खरा आहे. ती प्रतिमा पुरतेपणी मोडून काढायला १९८६ मध्ये अ‍ॅलेक्स झ्वर्डलिंग यांचं पुस्तक यावं लागलं. पण त्यांच्या हाताशी होतं काय? १९२३ च्या जूनमधली दैनंदिनीतली नोंद, की या कादंबरीत मला समाजव्यवस्थेवर टीका करायची आहे, ती अगदी जोरात चालू असताना दाखवायची आहे. आणि कादंबरीत होती क्लॅरिसा, जिला संकटातले लोक आल्बेनियन की आर्मेनियन तेही आठवत नाही, पण गुलाब आवडतात. त्या आवडण्याने आर्मेनियन लोकांना मदत होत नाही का, असा प्रश्न ती स्वतःला विचारते. तोही कंसात. वाक्य वाचणाऱ्यांचं चुकलं असेल तर ते पुरेसं न वाचल्यामुळे.

जवळून वाचणं म्हणजे काय याचा नमुना एरिक आउअरबाख यांनी घालून दिला. नाझी राजवटीत मारबुर्गची प्राध्यापकी गेलेले आउअरबाख दुसऱ्या महायुद्धात इस्तंबुलला होते. होमरपासून सुरू केलेला पाश्चात्त्य वाङ्मयातल्या वास्तवाचा इतिहास त्यांनी 'टु द लाइटहाऊस'मधल्या एका प्रसंगापाशी आणून संपवला. मिसेस रॅम्झे दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी तपकिरी पायमोजा विणतायत आणि आपल्या मुलाच्या पायाला लावून माप घेतायत. मध्येच एक वाक्य येतं: इतकं दुःखी कधी कुणी दिसलं नव्हतं. आउअरबाख थांबतात आणि विचारतात, हे बोलतंय कोण? त्या एका प्रश्नातून अख्ख्या आधुनिक कादंबरीचा स्वभाव ते उलगडतात. ही समीक्षा मी दरवर्षी वाचते आणि दरवर्षी थोडा मत्सर वाटतो.

तोच प्रश्न जेवणाच्या टेबलाशी विचारून पाहा. त्याच कादंबरीत रात्रीच्या जेवणाला 'बफ आँ दोब' येतो, रसात मंद शिजवलेलं मांस. स्वयंपाकीण तीन दिवस त्यात गुंतलेली होती, हे कादंबरीच आपल्याला सांगते. मिल्ड्रेडची ती सर्वोत्तम कृती. पाहुणा बँक्स वाहवा करतो आणि मिसेस रॅम्झे खुशीत म्हणतात, माझ्या आजीची फ्रेंच पाककृती आहे. मिल्ड्रेड त्या संभाषणात कुठेच नाही. अ‍ॅलिसन लाइट यांनी २००७ मध्ये वुल्फच्या घरातल्या नोकरांवर पुस्तक लिहिलं. १९१६ ते १९३४ एवढा काळ राबलेल्या आणि मालकिणीशी तितकाच काळ भांडलेल्या नेली बॉक्सॉल या स्वयंपाकिणीला त्यात जागा मिळाली. ते वाचून आजीच्या पाककृतीचं वाक्य पुन्हा वाचलं की ते आंबट लागतं. पण मिल्ड्रेडचे तीन दिवस लेखिकेनेच वाक्यात नोंदवून ठेवले आहेत. तिला हे आयुष्यात नीट दिसलं नसेल, लिहिताना मात्र दिसलं.

'अ रूम ऑफ वन्स ओन'मधली (१९२९) बाईला लिहिण्यासाठी लागणारी स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड सगळ्यांना ठाऊक असतात. पैसे आले कुठून हे फार थोड्यांना आठवतं. निवेदिकेची आत्या मेरी बीटन मुंबईत हवा खायला घोड्यावरून गेली असता पडून मेली आणि तिने ते मागे ठेवले. मुंबईत! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटून पुन्हा मागे आले. प्रत्यक्षातली आत्या कॅरोलाइन एमिलिया स्टीफन ही केंब्रिजला राहणारी क्वेकर बाई. १९०९ मध्ये ती वारली आणि व्हर्जिनियाला तिने अडीच हजार पौंड ठेवले. केंब्रिजमधली आत्या पुस्तकात घोड्यावर बसून मुंबईला का पोचली? वुल्फला वसाहतीच्या पैशावर बोट ठेवायचं होतं, की लांबचं मरण सोयीचं म्हणून मुंबई सुचली? मी शपथेवर सांगू शकत नाही. पण इंग्लिश लेखिकेच्या स्वतंत्र खोलीचं भाडं मुंबईहून येतं, हे तिच्या वाक्यात लिहिलेलं आहे. वसाहतोत्तर समीक्षेला याहून भक्कम पायरी कुठली मिळणार?

याच पुस्तकावरून स्त्रीवादी समीक्षक इलेन शोवॉल्टर (१९७७) आणि टोरिल मॉय (१९८५) यांच्यात जुंपली. शोवॉल्टर वैतागल्या की ही बाई सतत मुखवटे बदलते, कधी सरळ रागावत नाही. मॉय म्हणाल्या, मुखवटे बदलणं हाच मुद्दा आहे. मला मॉय पटतात, पण शिकवताना शोवॉल्टर यांचा वैताग जास्त उपयोगी पडतो, कारण तो मुलींना आधी येतो.

सगळ्यांत सुंदर वाचन मात्र कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांचं, १९७४ च्या निबंधातलं. सोळाव्या शतकात असामान्य देणगी घेऊन जन्मलेली बाई वेडी झाली असती, असं सांगणारा वुल्फचा परिच्छेद त्या उतरवून घेतात, आणि मध्ये चौकोनी कंस उघडतात. इथे 'अठरावं शतक' घाला, 'काळी बाई' घाला, 'गुलाम जन्मलेली किंवा केलेली' घाला. फिलिस व्हीटली ही गुलाम कवयित्री वुल्फच्या वाक्यात आपली जागा करून घेते. वॉकर वुल्फला माफी देत नाहीत आणि खटलाही भरत नाहीत. तिच्या वाक्यात शिरून ते रुंद करतात.

म्हणूनच 'अशा बाईला वाचावं का' या प्रश्नाची मला घाई नाही. १९१० मध्ये काळा रंग फासून अ‍ॅबिसिनियाच्या राजपरिवाराच्या सोंगात ती युद्धनौकेवर गेली. १९१५ च्या दैनंदिनीत मतिमंद माणसांचा घोळका पाहून यांना मारूनच टाकायला हवं, असं तिने लिहिलं. हे वाचून पोटात ढवळतं आणि ते वर्गात सांगितलंच पाहिजे. कधी सांगायचं एवढाच प्रश्न आहे. पहिल्या तासाला सांगितलं तर मुलं निकाल देऊन मोकळी होतात. सेप्टिमस वाचून झाल्यावर सांगितलं तर ती गोंधळतात, आणि वेड्या ठरवलेल्या माणसाची बाजू इतक्या आतून लिहिणारी बाई ती नोंदही लिहू शकते हे घरी घेऊन जातात.

यंदा मी पहिल्या तासाला नदीबद्दलच्या प्रश्नावर "नंतर बोलू" म्हटलं आणि थेट पायमोज्यापासून सुरुवात केली. तीन आठवड्यांनी 'टाइम पासेस'चं घरी वाचन दिलं. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी तास सुरू व्हायच्या आधीच टेबलाशी आली. "मॅडम, मिसेस रॅम्झे कधी वारली? पुढे सगळे ती नाही असं धरूनच बोलतायत. माझं पान सुटलं का?" मी तिचं पुस्तक घेतलं, कंस दाखवला. तिने तो उभ्यानेच वाचला, मग पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि पेन्सिलीने दोन्ही बाजूंचे कंस गिरवले.